वाचकांचे प्रश्न : चाचणी नेमके काय मोजते?

प्रयोगशाळेतील तंत्रांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. काही पत्रे अहवाल हातात घेऊन बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची आहेत, तर काही जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची. विषय वेगवेगळे असले, तरी बहुतेकांच्या मनातील शंका एकच आहे : यंत्राने दिलेला आकडा किंवा पट्टीवर उमटलेली रेघ नेमकी कशाची आहे? त्यामुळे उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग झाला होता. ताप उतरून तीन आठवडे झाले, खोकलाही थांबला, तरी पुन्हा केलेली आरटी-पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली. अहवालात ‘सीटी ३६’ असा आकडा आहे. आजार अजून अंगात आहे, असा याचा अर्थ घ्यायचा का? घरातले सगळे काळजीत आहेत.

उत्तर : काळजी वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून आधी थेट उत्तर देतो. वडिलांच्या नमुन्यात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे फार थोड्या प्रमाणात सापडले, एवढेच या अहवालावरून म्हणता येते. ते तुकडे संसर्ग पसरवू शकणाऱ्या विषाणूचे आहेत की शरीराने नामोहरम केलेल्या विषाणूचे अवशेष आहेत, हे ही चाचणी सांगू शकत नाही.

याचे कारण तिच्या कार्यपद्धतीत आहे. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती काढत जाण्याची पद्धत. केरी म्युलिस यांना ती १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकातला वाटा मिळाला. नळीतील मिश्रण सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ते ५५ ते ६० अंशांच्या आसपास आणले की प्रायमर नावाचे मुद्दाम तयार केलेले छोटे तुकडे आपल्या जोडीची जागा गाठून त्या धाग्यांना चिकटतात. आणि ७२ अंशांना पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) प्रायमरपासून पुढे नवा धागा विणत जाते. एका आवर्तनात एकाचे दोन, दुसऱ्यात दोनाचे चार, अशा हिशेबाने ३० आवर्तनांनंतर एका तुकड्याच्या तत्त्वतः १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. ९५ अंशांना बहुतेक विकरे निकामी होतात, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक आवर्तनात ताजे विकर घालावे लागे. ही अडचण थर्मस अक्वाटिकस या जिवाणूच्या विकराने दूर केली. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून मिळवलेल्या या जिवाणूचे वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा रोगनिदानाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. निव्वळ कुतूहलापोटी चालणाऱ्या संशोधनावर खर्च कशाला करायचा, असे कोणी विचारले की मला हा जिवाणू आठवतो.

आपल्या वडिलांना झालेल्या संसर्गाचा विषाणू आरएनए बाळगणारा असल्यामुळे आधी त्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढावी लागते. हे काम रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज करते. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधलेले हे विकर म्हणजेच ‘आरटी’ ही आद्याक्षरे. प्रती वाढत जातात तसतसा मिश्रणातील एका रंगद्रव्याचा प्रकाश वाढतो, आणि तो ठरवलेली पातळी ओलांडतो त्या आवर्तनाचा क्रमांक म्हणजे सीटी. मूळ तुकडे जितके जास्त, तितकी ही पातळी लवकर गाठली जाते. सीटी २० आणि सीटी ३६ यांत १६ आवर्तनांचे अंतर आहे, म्हणजे मूळ द्रव्यात सुमारे ६५ हजार पटींचा फरक आहे. वडिलांचा आकडा या मापाच्या दूरच्या टोकाला आहे.

मात्र सीटी मोठा, म्हणून धोका संपला, असा उलटा निष्कर्षही काढू नये. संसर्गाच्या अगदी पहिल्या दिवशीही तो मोठा येऊ शकतो, आणि घशातील नमुना वरवर घेतला गेला तरीही. दोन प्रयोगशाळांचे किट, निवडलेले जनुक आणि ठरवलेली पातळी वेगळी असल्यास त्यांच्या सीटींची तुलनाही करता येत नाही. तीन आठवडे लक्षणे नाहीत, तब्येत सुधारलेली आहे आणि आकडा एवढा मोठा आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर जुन्या अवशेषांची शक्यताच अधिक दिसते. पण निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा, कारण वडिलांची प्रतिकारशक्ती आणि इतर आजार त्यांना ठाऊक आहेत.

जी पद्धत एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढते, तिच्यात भलताच एखादा तुकडा शिरला तर त्याच्याही कोट्यवधी प्रती निघतात. कालच्या नळीतून उडालेला अदृश्य तुषार आजच्या निरोगी माणसाच्या नमुन्यात पडू शकतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत मिश्रण तयार करण्याची खोली, नमुना घालण्याची खोली आणि प्रती वाढवण्याची खोली वेगळी असते, आणि प्रत्येक फेरीत एका नळीत नमुन्याऐवजी केवळ शुद्ध पाणी घालून ती इतरांसोबत चालवली जाते. त्या पाण्याच्या नळीत काही उमटले, तर त्या फेरीतील पॉझिटिव्ह निकालांवर विश्वास ठेवता येत नाही. अहवालात ही नळी दिसत नाही, पण अहवालाचा विश्वास तिच्यावरच उभा असतो.

प्रश्न : माझी रक्ताची एलायझा चाचणी पॉझिटिव्ह आली. किटच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टता ९५ टक्के असे छापले आहे. तरीही डॉक्टरांनी उपचार सुरू न करता वेगळ्या प्रकारची दुसरी चाचणी सांगितली. ९५ टक्के खात्री असताना वेळ का घालवायचा?

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले आहे, आणि ते का योग्य आहे हे साध्या हिशेबाने दाखवता येते. संवेदनशीलता म्हणजे खरोखर आजारी असलेल्या १०० जणांपैकी चाचणी किती जणांना पकडते. विशिष्टता म्हणजे निरोगी असलेल्या १०० जणांपैकी किती जणांना ती निरोगी म्हणते. या दोन्ही आकड्यांत माणूस आजारी आहे की नाही हे आधीच गृहीत धरलेले असते. आपला प्रश्न नेमका उलट आहे : चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, तर मी आजारी असण्याची शक्यता किती?

समजा, तो आजार लोकसंख्येत १ टक्का आहे आणि १०,००० जणांची चाचणी केली. आजारी १००, त्यांपैकी ९५ पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतील ५ टक्के, म्हणजे ४९५ जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५९० पॉझिटिव्हांमध्ये खरे आजारी फक्त ९५, म्हणजे १६ टक्क्यांच्या आसपास. हीच चाचणी, हेच किट, पण लक्षणे असलेल्या अशा लोकांवर वापरले की ज्यांच्यात आजाराचे प्रमाण ३० टक्के आहे, तर ३,२०० पॉझिटिव्हांपैकी २,८५० खरे निघतात, म्हणजे ८९ टक्के. किटमध्ये काहीही बदलले नाही. चाचणी कोणाची केली, एवढेच बदलले. लक्षणे नसताना केवळ खबरदारी म्हणून केलेल्या चाचणीचा पॉझिटिव्ह निकाल अधिक सावधपणे वाचावा लागतो, तो यामुळे.

आता त्या ५९० जणांवर दुसरी, वेगळ्या तत्त्वावर चालणारी चाचणी केली, आणि तिची संवेदनशीलता ९५ व विशिष्टता ९९ टक्के धरली, तर सुमारे ९० खरे रुग्ण आणि ५ चुकीचे पॉझिटिव्ह उरतात. १६ टक्क्यांची शक्यता एकदम ९५ टक्क्यांच्या घरात जाते. एका पायरीत एवढे मिळत असेल, तर त्यासाठी थांबण्यात वेळ वाया जात नाही.

‘वेगळ्या तत्त्वावर’ या शब्दांवर भर देण्याचे कारण आहे. एलायझा १९७१ मध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी स्टॉकहोममध्ये विकसित केली, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये व्हान वेमेन आणि स्कुर्स यांनीही स्वतंत्रपणे तशीच पद्धत मांडली. तिच्यात प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांच्या तळाशी प्रतिजन, म्हणजे रोगजंतूचा शरीराला ओळखता येणारा भाग, चिकटवलेले असते. रक्तातील प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे त्या भागाला धरणारे शरीराचे प्रथिन) त्याला चिकटले की त्यावर विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड बसते आणि ते विकर रंगहीन द्रावणाला रंग आणते. रंगाची तीव्रता म्हणजे चिकटलेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण. पण एखाद्याच्या रक्तात भलत्याच प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे असतील, तर त्या खळग्यात तोच खोटा रंग उद्याही येईल आणि परवाही. चुकीचे कारण माणसाच्या रक्तातच असल्यावर तीच चाचणी दहा वेळा केली, तरी चूक दहा वेळा होते. नमुन्यांची अदलाबदल किंवा हाताची चूक पुनरावृत्तीने पकडता येते; ही चूक पकडायला दुसरी पद्धतच लागते.

निगेटिव्ह निकालाचीही अशीच एक मर्यादा आहे. शरीराला प्रतिपिंडे तयार करायला दिवस किंवा आठवडे लागतात, आणि त्या काळात एलायझा निगेटिव्ह येऊ शकते, कारण जे ती मोजते ते अजून रक्तात आलेलेच नसते.

प्रश्न : घरी करायच्या पट्टीवरच्या चाचणीत ‘सी’ आणि ‘टी’ अशा दोन रेघा असतात. ‘सी’ची रेघ उमटली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असे समजायचे ना? आणि फिकट रेघ मोजायची की नाही?

उत्तर : ‘सी’ची रेघ जितके सांगते, त्याहून बरेच अधिक आपण तिच्या तोंडी घालतो. पट्टीच्या सुरुवातीला सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात. त्यांचा व्यास साधारण २० ते ४० नॅनोमीटर असतो आणि या आकारात सोने पिवळे न दिसता लाल दिसते. या कणांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. द्रव पट्टीवरून पुढे सरकताना कणांना सोबत नेतो. शोधायचे प्रथिन नमुन्यात असेल, तर त्याला धरून बसलेले कण ‘टी’च्या रेघेवर अडकतात; ‘सी’च्या रेघेवर मात्र नमुन्यात काहीही नसले तरी कण अडकतातच. म्हणून ‘सी’ची रेघ एवढेच सांगते की द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि कणांवरची प्रतिपिंडे शाबूत आहेत. नाकातून नमुना नीट घेतला होता का, हे तिला कळत नाही. कापूस नाकाला न लावता नुसते किटमधले द्रावण टाकले, तरी ती रेघ उमटते. ती उमटली नाही, तर मात्र चाचणी निश्चित रद्द समजावी.

ठरवून दिलेल्या वेळेच्या आत ‘टी’वर दिसलेली रंगीत रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्ह धरावी. वेळ उलटून गेल्यावर, पट्टी वाळताना उमटणारी करडी छटा धरू नये. पट्टी कचऱ्याच्या डब्यातून पुन्हा काढून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून फक्त मनस्ताप होतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. शोधायचे प्रथिन बेसुमार असेल, तर ते कणांवरची प्रतिपिंडे आणि रेघेवरची प्रतिपिंडे दोन्हीकडे स्वतंत्रपणे भरून टाकते, दोहोंना जोडणारा दुवा तयारच होत नाही, आणि रेघ उलट फिकी पडते किंवा दिसत नाही. अशा वेळी नमुना पातळ करून पाहिल्यावर रेघ ठळक होते. संशय दाट आणि निकाल निगेटिव्ह, अशी विसंगती असेल तेव्हा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हा उपाय आवर्जून करतात.

प्रश्न : आईचे रक्त घेताना चार वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या नळ्या भरल्या. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम खूप वाढले आहे म्हणून पुन्हा रक्त मागितले आणि या वेळी ते व्यवस्थित आले. पहिला अहवाल चुकीचा होता का? एकाच नळीत सगळे का घेत नाहीत?

उत्तर : यंत्राने बहुधा बरोबरच मोजले होते, नळीत जे पोचले ते आईच्या शरीरातील रक्तासारखे राहिले नव्हते. वैद्यकीय प्रयोगशाळेतील चुकांचा मोठा वाटा यंत्रापर्यंत पोचण्याच्या आधीचा असतो, आणि रक्त घेणाऱ्या माणसाच्या कौशल्याला आपण पुरेसा मान देत नाही, असे मला मनापासून वाटते.

झाकणाचा रंग नळीत आधीपासून काय घातले आहे ते सांगतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. निळ्या नळीत सोडियम सायट्रेट असते. त्याचे रक्ताशी प्रमाण नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट असे काटेकोर असावे लागते. नळी अर्धवट भरली तर रक्त गोठण्याचा वेळ उगाच लांबलेला दिसतो. राखाडी नळीत फ्लोराइड असते, कारण रक्तातील पेशी नळीतही जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसेच ठेवले तर साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटत जाते. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर उरलेला द्रव, म्हणजे सीरम, तपासतात.

आता पोटॅशियमकडे वळू. लाल पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा वीसपटींहून अधिक असते. सुई बारीक असली, रक्त जोराने ओढले किंवा नळी जोरात हलवली, तर काही पेशी फुटतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर येते. असे सीरम गुलाबी दिसते आणि जाणकार तंत्रज्ञ ते पाहूनच सावध होतो. दुसरे कारण अधिक फसवे आहे. ईडीटीए नळीत पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. जांभळी नळी आधी भरून तिच्यातील थेंब पुढच्या नळीत गेला, तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. वाढलेल्या पोटॅशियमसोबत कॅल्शियम अशक्य वाटावे इतके कमी आले, तर ही जोडी ईडीटीएचीच खूण मानतात. नळ्या भरण्याचा क्रम ठरवून दिलेला असतो तो एवढ्यासाठी. याखेरीज शीर दिसावी म्हणून मूठ पुन्हा पुन्हा आवळल्यानेही पोटॅशियम काहीसे वाढते.

आईच्या बाबतीत यांपैकी नेमके काय झाले ते इथून सांगता येणार नाही. मात्र वाढलेल्या पोटॅशियमवर औषध देण्याआधी रक्त पुन्हा मागणारी प्रयोगशाळा जबाबदारीने काम करणारी आहे, हे नक्की. ईडीटीएमुळेच काही जणांच्या प्लेटलेट नळीत एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. अशा वेळी काचपट्टीवर थेंब पसरून डोळ्यांनी पाहिले किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजले की खरा आकडा कळतो.

प्रश्न : मला काहीही त्रास नाही. वार्षिक तपासणीत २० चाचण्यांपैकी दोन आकडे ‘सामान्य मर्यादे’च्या किंचित बाहेर आले. घाबरावे का?

उत्तर : ही मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवतात : निरोगी माणसांचा मोठा गट घेऊन त्यांचे आकडे मांडायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना ‘सामान्य’ म्हणायचे. म्हणजे व्याख्येनेच प्रत्येक चाचणीत २० निरोगी माणसांतील एक जण मर्यादेबाहेर राहतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्णपणे निरोगी माणसाचे सगळेच्या सगळे आकडे मर्यादेत येण्याची शक्यता फक्त ३६ टक्के असते. किंचित बाहेर गेलेल्या आकड्यापेक्षा आपल्याच मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना अधिक बोलकी असते, आणि ती शक्यतो त्याच प्रयोगशाळेतली असावी. जुने अहवाल जपून ठेवा आणि डॉक्टरांना सोबत दाखवा.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. मानवी कर्करोगाच्या सेल लाइनवर (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींवर) एका संयुगाचा परिणाम पाहते आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रतिपिंडाने प्रथिन शोधण्याच्या चाचणीत, अपेक्षित प्रथिनाची पट्टी कधी ठळक येते, कधी जवळजवळ दिसतच नाही. तीन महिने प्रतिपिंडाचे प्रमाण बदलून पाहिले. कुठे चुकत असेल?

उत्तर : प्रतिपिंडाकडे वळण्याआधी पेशींकडे पाहा. मी संशोधनाला सुरुवात केली तेव्हा माझेही असेच महिने गेले होते, आणि कारण अखेर पेशींच्या फ्लास्कमध्ये सापडले : मायकोप्लाझ्मा. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिका बनण्यात अडथळा आणणारे पेनिसिलिन त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते. तो इतका लहान आणि लवचिक असतो की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही पार होऊ शकतो. एका मिलिलिटरमध्ये एक कोटीहून अधिक मायकोप्लाझ्मा असले, तरी माध्यम स्वच्छच दिसते आणि पेशीही वाढत राहतात. पण तो माध्यमातील पोषकद्रव्ये खातो, पेशींची जनुके कमी-अधिक चालू-बंद करतो, आणि आपण त्या बदलाचे श्रेय संयुगाला देऊन बसतो. पीसीआरने किंवा डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगद्रव्याने तो दिसतो. आजच तपासा, आणि तो सापडला तर पेशी वाचवण्याचा प्रयत्न न करता फेकून द्या. शेजारच्या बाकावर काम करणाऱ्यांना लगेच सांगा. संकोच करू नका, कारण तो एका फ्लास्कमधून दुसऱ्यात सहज पोचतो.

दुसरी तपासणी पेशींच्या ओळखीची. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये, त्यांना न विचारता घेतलेल्या पेशींपासून हेला ही पहिली अमर मानवी सेल लाइन तयार झाली. त्या पेशी इतक्या जोमाने वाढतात की चुकून गेलेला एखादा थेंबही दुसरी सेल लाइन गिळून टाकतो. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून दाखवून दिले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच होत्या. तेव्हाच्या अनेक संशोधकांना ते पचवणे जड गेले, आणि अशा चुकीच्या नावांच्या पेशींवरचे काम त्यानंतरही प्रसिद्ध होत राहिले. आज एसटीआर पद्धतीने पेशींचा जनुकीय ठसा काढून तो नोंदलेल्या ठशाशी ताडता येतो. आपल्या प्रबंधात ज्या पेशींचे नाव छापले जाणार आहे, त्याच पेशी फ्लास्कमध्ये आहेत, याची खात्री करून घेणे आपला हक्क आहे; मार्गदर्शकांकडे त्यासाठी आग्रह धरा. पेशी किती वेळा पुनर्लागवड केलेल्या आहेत याचीही नोंद ठेवा. पाचव्या पिढीच्या आणि पन्नासाव्या पिढीच्या पेशींत फरक पडतो.

पेशी निर्दोष ठरल्या, तर मग ब्लॉटकडे या. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनए जेलमधून पटलावर उतरवण्याची पद्धत दिली, तिला त्यांचे नाव मिळाले. पुढे आरएनएसाठीच्या पद्धतीला नॉर्दर्न आणि प्रथिनांसाठीच्या पद्धतीला वेस्टर्न ही नावे त्या आडनावावरच्या कोटीतून पडली. या पद्धतीत पट्टी दिसली म्हणजे प्रतिपिंड काहीतरी धरून बसले आहे, एवढेच कळते. ते आपलेच प्रथिन आहे हे दाखवायला त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या पेशींचा अर्क शेजारच्या रकान्यात चालवावा. तिथेही पट्टी दिसली तर प्रतिपिंड बदलावे. सर्व रकान्यांत सारखे प्रथिन घातले होते का, हे पटल रंगवून किंवा ज्याचे प्रमाण स्थिर आहे अशा प्रथिनाने तपासावे. त्या स्थिर प्रथिनाच्या पट्ट्या इतक्या काळ्या येऊ देऊ नयेत की दुप्पट प्रथिनही सारखेच दिसेल. जेलमधून पटलावर प्रथिने उतरताना बुडबुडा अडकला तरी पट्टी नाहीशी होते, तेव्हा प्रतिपिंड लावण्याआधी पटल प्रथिने दाखवणाऱ्या पॉन्सो रंगात बुडवून पाहण्याची सवय लावा. पाच मिनिटांचे हे काम आपला दिवस वाचवेल.

तीन महिने वाया गेले असे मानू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलून केलेल्या प्रयोगांच्या नोंदी वहीत असतील, तर दोष कुठे नाही हे त्यांतून कळलेलेच आहे.

प्रश्न : शोधनिबंधात ‘१०,००० आरपीएमवर दहा मिनिटे’ असे दिलेले होते. मी तसेच केले, पण पेशींचा गोळा तळाशी बसला नाही. असे का?

उत्तर : कारण आपल्या सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राचा, रोटर (फिरणारा भाग) लहान असावा. तळाशी ढकलणारे बल वेगाच्या वर्गाच्या आणि त्रिज्येच्या प्रमाणात असते. मिनिटाला १०,००० फेऱ्यांना (१०,००० आरपीएमला) ८ सेंटिमीटर त्रिज्येवर गुरुत्वाच्या सुमारे ८,९०० पट बल मिळते, तर १६ सेंटिमीटरवर त्याच्या दुप्पट. म्हणून निबंधात नेहमी गुरुत्वाच्या पटीत आकडा द्यावा. दिलेला नसेल, तर लेखकांनी वापरलेल्या रोटरची त्रिज्या शोधून हिशेब करावा.

प्रश्न : जनुके वाचणारी यंत्रे आली असताना, लघवीत जिवाणू आहेत का हे पाहायला अजूनही दोन-तीन दिवस ‘कल्चर’ का लावतात?

उत्तर : कल्चर म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून पाहणे. ते लावल्यावर दोन गोष्टी एकदम कळतात : जिवाणू जिवंत आहे, आणि कोणते औषध त्याला रोखते. जनुकीय चाचणी मेलेल्या जिवाणूचाही तुकडा दाखवते, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. औषधरोधाचे जनुक सापडले, तरी ते कार्यरत आहे की नाही हे निराळे. आणि अजून नोंदले न गेलेले जनुक असेल, तर ते यंत्राच्या यादीतच नसते. खळग्यात औषध घालून त्यात जिवाणू वाढतो का, हे पाहिले की यादीची गरज राहत नाही.

वेळ लागतो तो जिवाणूच्या वाढीमुळे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे आठ तासांत एकाचे सुमारे १ कोटी ६८ लाख होतात आणि एका रात्रीत डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होतो. क्षयाच्या जिवाणूला दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो, म्हणून त्याचे कल्चर आठवडे घेते. ज्या अगार नावाच्या घट्ट जेलीवर हे ठिपके वाढतात, ती वापरण्याची सूचना १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी केली. त्यांचे पती वॉल्टर हेसे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि तिथले जिलेटिन ३७ अंशांना वितळून जात असे, शिवाय काही जिवाणू ते पचवूनही टाकत. स्वयंपाकघरातील अनुभवावरून आलेल्या त्या सूचनेवर आजही जगभरातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा चालतात, पण फॅनी हेसे यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

नवी तंत्रे कल्चरच्या जोडीने काम करतात. ठिपका मिळाला की मॅल्डी-टॉफ यंत्र त्याच्यातील प्रथिनांच्या वस्तुमानांचा नमुना पाहून काही मिनिटांत जिवाणूचे नाव सांगते; त्यासाठी पूर्वी आणखी एक दिवस जैवरासायनिक चाचण्यांत जात असे. काही ठिकाणी जनुकीय चाचणीने कल्चरला खरोखर मागे टाकले आहे. क्षयाच्या जिवाणूत रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देण्याचे कारण बहुतांश वेळा एकाच जनुकातील ८१ अक्षरांच्या छोट्या पट्ट्यात असते, त्यामुळे तो पट्टा तपासला की दोन तासांत उत्तर मिळते आणि आठवडे वाट पाहावी लागत नाही. लघवीतील जिवाणूंचे औषधरोध मात्र अनेक जनुकांत, अनेक रीतींनी विखुरलेले असतात, म्हणून तिथे कल्चरच अधिक भरवशाचे ठरते.

आपल्याला कल्चर सांगितले असेल, तर नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी द्या, मधल्या धारेचा द्या, आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवणे शक्य नसेल तर तो शीतकपाटात ठेवा. उबेत राहिलेल्या नमुन्यात वाटेतच जिवाणू वाढतात, आणि मग त्यांची मोजणी शरीराची न राहता डब्याची होते.